कागद एका बसचे, यार्डातली बस दुसरीच : फिरत्या घराच्या खरेदीतील एक फसवणूक

सेवेतून निवृत्त झालेली बस विकत घेऊन, तिचे आतले काम स्वतः करून तिचे फिरते घर बनवावे, असे अनेकांच्या मनात असते. आणि महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणल्यापासून ही गोष्ट पूर्वीपेक्षा अधिक लोकांना आवाक्यातली वाटू लागली आहे. अशी बस घेताना इंजिन कसे तपासावे, गंज कुठे शोधावा, टायर कधीचे आहेत हे कसे ओळखावे, हे सांगणारे जाणकार पुष्कळ भेटतात. आमची फसवणूक यांपैकी कशातही झाली नाही, ती गाडीच्या ओळखीत झाली. आम्हाला दाखवलेले कागद खरे होते, पण ते ज्या बसचे होते ती बस आमच्या हाती आलीच नाही. हा प्रकार किती सफाईने केला जातो हे समजावे, म्हणून सर्व तपशील येथे लिहीत आहे.

माझे मेहुणे औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत संधाता म्हणजे वेल्डिंग विभागाचे निदेशक होते आणि माझा स्वतःचा छोटा फॅब्रिकेशनचा व्यवसाय आहे, त्यामुळे बांधणीचे काम बाहेर देण्याचा प्रश्नच नव्हता. महामार्गालगतच्या एका यार्डात आम्हाला पांढऱ्या रंगाची एक मोठी बस दाखवण्यात आली. एका शिक्षण संस्थेची ही बस विद्यार्थ्यांच्या वाहतुकीसाठी होती, २०१४ ची नोंदणी आहे, संस्थेने नवीन गाड्या घेतल्यामुळे ती विक्रीला काढली आहे, असे विक्रेत्याने सांगितले. नोंदणी पुस्तिका त्याच्याकडे होती. वाहनांची सरकारी नोंद दाखवणाऱ्या एम-परिवहन ॲपवर क्रमांक टाकल्यावर नोंदणी चालू स्थितीत दिसली, योग्यता प्रमाणपत्राची मुदत शिल्लक होती, कर्जाचा बोजा नव्हता, उत्पादक आणि मॉडेलही जुळत होते. बसखाली टॉर्च घेऊन शिरल्यावर लांब मेंबरवर, म्हणजे सांगाड्याच्या लांब लोखंडी तुळईवर, उठवलेला चासी क्रमांक आम्ही पुस्तिकेतल्या क्रमांकाशी एकेक अक्षर ताडून पाहिला, तोही तंतोतंत जुळला. सर्वसाधारण खरेदीदार जेवढी तपासणी करतो तेवढी येथे पूर्ण झाली होती, आणि या टोळीची सगळी तयारी नेमकी तेवढ्याच तपासणीतून पार पडण्यासाठी केलेली होती.

व्यवहार साडेचार लाखांना ठरला. काही रक्कम रोख आणि उरलेली ऑनलाइन घेण्यात आली, तीही विक्रेत्याच्या नव्हे तर त्याने ‘भागीदार’ म्हणून सांगितलेल्या दुसऱ्याच व्यक्तीच्या खात्यावर. मालकी हस्तांतराचे फॉर्म २९ आणि फॉर्म ३० सह्या केलेल्या कोऱ्या स्वरूपात आमच्या हाती दिले. जुन्या गाड्यांच्या बाजारात असे फॉर्म सर्रास फिरतात, त्यामुळे त्यात कुणाला वावगे वाटत नाही. नाव बदलण्याचा विषय निघाला तेव्हा तो म्हणाला, “साहेब, दोनदा पासिंग कशाला करता? आधी आतलं काम उरका, मग नाव आणि गाडीचा वर्ग एकदमच बदलून घेऊ. कागदांची जबाबदारी माझी.” बसचे फिरत्या घरात रूपांतर करायचे तर नोंदणी प्राधिकाऱ्याकडून पूर्वपरवानगी आणि तपासणी लागतेच, म्हणून हे बोलणे व्यवहार्य वाटणारे होते. प्रत्यक्षात या एका वाक्याने त्याने स्वतःसाठी कित्येक महिन्यांची सवड मिळवली. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० नुसार विकणाऱ्याने चौदा दिवसांत आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत हस्तांतर कळवायचे असते. ते वेळेत झाले असते तर गाडी निरीक्षकासमोर उभी राहण्याची शक्यता होती, आणि तीच त्याला टाळायची होती.

बस घरी आल्यावर आम्ही आसने काढली, चेकर्ड पत्रा उचकटला, कुजलेले आडवे मेंबर कापून तिथे चौकोनी पाइप जोडले, छताखाली ग्लासवूल भरले, पाण्याची टाकी बसवली, वायरिंग केले. या कामावर झालेला खर्च बसच्या किमतीच्याही पुढे गेला. बाहेरचा रंग खरवडताना मागच्या बंपरच्या वर पांढऱ्या थराखाली प्रायमर आणि त्याखाली लाल रंग निघाला. मेहुण्यांनी पॉलिश पेपर हलक्या हाताने फिरवला तेव्हा पिवळसर स्टेन्सिलची ‘गार’ ही अक्षरे दिसू लागली, त्याआधीचे ‘आ’ अर्धवट उरले होते. एसटीच्या गाडीवर आगाराचे नाव कसे रंगवलेले असते हे महाराष्ट्रात कुणाला सांगावे लागत नाही. विक्रेत्याला फोन केल्यावर त्याच्याकडे उत्तर तयारच होते. संस्थेने मागे एकदा अपघातानंतर भंगारातले पत्रे घेऊन बस दुरुस्त केली होती, असे त्याने सांगितले. एसटीच्या जुन्या ॲल्युमिनियमच्या बॉडीचे पत्रे भंगार बाजारात मिळतात हे आमच्या व्यवसायामुळे मला ठाऊक होते, त्यामुळे हे उत्तर खोडून काढता येण्यासारखे नव्हते.

रूपांतराच्या परवानगीसाठी बस तपासणीला नेली तेव्हा हे सारे उघड झाले. मोटार वाहन निरीक्षकांनी चासी क्रमांक नुसता वाचला नाही. त्यांनी त्या जागेवर डिझेलचा बोळा फिरवून रंग आणि ग्रीस काढले, तारेचा ब्रश मारला आणि टॉर्च वरून न धरता मेंबरला जवळजवळ टेकवून आडवा धरला. त्या तिरप्या उजेडात क्रमांकाच्या भोवतालचा भाग बाकी मेंबरपेक्षा किंचित खोल गेलेला स्पष्ट दिसला, म्हणजे तिथे ग्राइंडर फिरला होता. त्यांनी कागद लावून पेन्सिल प्रिंट काढली. कारखान्यात यंत्राने उठवलेली अक्षरे सारख्या खोलीची आणि एका ओळीत असतात, या प्रिंटवर मात्र दोन अक्षरे ओळीच्या खाली घसरलेली होती आणि ‘ई’चा रोमन वर्ण एका कडेला गडद, दुसऱ्या कडेला पुसट होता, कारण तो हाताने पंच मारून उठवलेला होता. उत्पादकाची माहितीपट्टी ज्या रिव्हेटांनी बसवलेली होती तेही नंतर मारलेले पॉप रिव्हेट निघाले. निरीक्षकांनी तेथेच अहवाल लिहिला आणि बस ताब्यात घेण्यात आली.

पुढे न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत आम्लाची प्रक्रिया करून घासून टाकलेला मूळ क्रमांक बराचसा वाचता आला. धातूवर अक्षर उठवताना त्याखालचा थरही दबलेला असतो, म्हणून पृष्ठभाग घासला तरी आम्लाने तो फरक पुन्हा दिसू शकतो. सतरा वर्णांच्या या क्रमांकात दहावा वर्ण साधारणपणे वर्ष सांगतो. पुस्तिकेतल्या क्रमांकात तो ‘ई’ होता, म्हणजे २०१४, तर खालून निघालेल्या क्रमांकात तो ६ होता, म्हणजे २००६. आमच्या हातात आलेली बस एसटीतून बाद झालेली, भंगार म्हणून विकली गेलेली बस होती.

बाद झालेल्या बस लिलावात ‘जसे आहे, जेथे आहे’ या तत्त्वावर विकल्या जातात. लिलावानंतर घेणाऱ्याला मिळणारे माल उचलण्याचे पत्र हा भंगार नेण्याचा परवाना असतो, गाडी रस्त्यावर चालवण्याचा नव्हे. १ एप्रिल २०२३ पासून तर केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम ५२-अ प्रमाणे केंद्र व राज्य शासन, महापालिका आणि राज्य परिवहन उपक्रम यांच्या पंधरा वर्षांपेक्षा जुन्या वाहनांच्या नोंदणीचे नूतनीकरणच होत नाही, आणि ती वाहने नोंदणीकृत भंगार केंद्रातच निकाली काढावी लागतात. त्याआधी लिलावात गेलेल्या गाड्या मात्र काही यार्डांत उभ्या राहिल्या, आणि आमची बस त्यांतलीच असावी. अशी बस शेतावर खोली म्हणून कायमची उभी करायची असेल तर तो वेगळा विषय आहे. ती पुन्हा रस्त्यावर आणून देतो असे जो म्हणतो, त्याला त्यासाठी दुसऱ्या एखाद्या गाडीची ओळख चोरावीच लागते.

ती ओळख कुठून आली हेही तपासात कळले. शिक्षण संस्था खरी होती आणि तिची २०१४ ची बसही खरी होती. त्या बसचा अपघात झाला, दुरुस्ती परवडणारी नव्हती, म्हणून संस्थेने ती भंगारवाल्याला देऊन टाकली आणि विचारल्यावर पुस्तिकाही त्याच्याच हाती दिली. बस कापली गेली, पण नोंदणी रद्द करून घेतली गेली नाही. त्यामुळे ती परिवहन विभागाच्या संगणकात जिवंत राहिली, आणि तिचा क्रमांक आमच्या बसच्या चासीवर येऊन बसला. आम्हाला मिळालेल्या फॉर्मवरच्या सह्या संस्थेच्या पदाधिकाऱ्यांच्या नव्हत्याच.

पोलिसांकडे गेल्यावर प्रथम ‘ही दिवाणी बाब आहे’ असे सांगण्यात आले. निरीक्षकांचा लेखी अहवाल जोडून पुन्हा तक्रार दिल्यावर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८(४) खाली फसवणुकीचा आणि त्यासोबत बनावट दस्तऐवजाचा गुन्हा दाखल झाला. ठाण्यात तक्रार घेतली नाही तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) खाली पोलीस अधीक्षकांकडे लेखी जाता येते आणि त्यानंतर कलम १७५(३) खाली न्यायदंडाधिकाऱ्यांकडेही दाद मागता येते. हे प्रत्येक खरेदीदाराने लक्षात ठेवावे, कारण ‘दिवाणी बाब’ हे शब्द ऐकून बरेच जण परत फिरतात.

विक्रेत्याचा बचाव ऐकल्यावर त्याच्या पावतीचा अर्थ आम्हाला उमगला. पावतीवर ‘एक जुनी बस, जसे आहे जेथे आहे’ एवढेच लिहिलेले होते, चासी क्रमांक किंवा नोंदणी क्रमांक कुठेही नव्हता. त्याने सांगितले की मी भंगार विकले, पुस्तिका यांनी कुठून आणली मला माहीत नाही. म्हणजे बदललेल्या क्रमांकाची गाडी ज्याच्या ताब्यात सापडली त्यालाच स्वतःचे निर्दोषत्व सिद्ध करत बसावे लागले. सुदैवाने मेहुण्यांच्या फोनमध्ये विक्रेत्याने पाठवलेले पुस्तिकेचे फोटो आणि त्याचे ध्वनिसंदेश जसेच्या तसे शिल्लक होते, नाहीतर आमचीच चौकशी आरोपी म्हणून झाली असती. बस मुद्देमाल म्हणून जमा आहे. सुपुर्दनाम्यावर, म्हणजे खटला चालू असताना हमी देऊन, सोडवायची तर मालकी दाखवावी लागते, आणि या बसचा नोंदणीकृत मालक असा कुणी उरलेलाच नाही. आत केलेले सगळे काम तिच्यासोबतच पावसात उभे आहे.

ज्यांना अशी बस घ्यायची आहे त्यांना माझी कळकळीची विनंती आहे की, एक रुपयाही देण्यापूर्वी चासीची जागा स्वच्छ करून पेन्सिल प्रिंट स्वतः काढा आणि ती नुसती जुळते का हे न पाहता अक्षरांची ओळ, खोली आणि भोवतालचा पृष्ठभाग पाहा. विक्रेता त्याला नकार देत असेल किंवा तिथे नुकताच जाड काळा रंग दिलेला असेल तर तिथूनच परत फिरा. इंजिन क्रमांकही असाच पाहा. परिवहन कार्यालयातून नोंदणी तपशिलाचा प्रमाणित उतारा घ्या आणि त्यातल्या मालकाला प्रत्यक्ष भेटा. तो संस्था असेल तर बस विकण्याचा ठराव मागा. उत्पादकाच्या अधिकृत कार्यशाळेत चासी क्रमांक देऊन सेवेची जुनी नोंद विचारा, कारण त्या नोंदीतले किलोमीटर, शहर आणि दुरुस्त्या यांचा तुमच्यासमोरच्या गाडीशी मेळ बसला पाहिजे. पैसे फक्त नोंदणीकृत मालकाच्या खात्यावर द्या, पावतीवर दोन्ही क्रमांक लिहून घ्या आणि बस तुमच्या नावावर होईपर्यंत तिचा एक स्क्रूसुद्धा काढू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मुळे गाडीच्या नोंदीत लिहिलेल्या तपशिलाशी विसंगत बदल परस्पर करता येत नाहीत, त्यामुळे ‘आधी काम, मग कागद’ असे सांगणारा तुम्हाला दोन्ही बाजूंनी अडकवतो.

ज्या संस्था, कारखाने किंवा शाळा आपल्या जुन्या बस भंगारात देतात, त्यांनाही सांगायचे आहे. गाडी नष्ट झाली किंवा कायमची निरुपयोगी झाली की कलम ५५ प्रमाणे चौदा दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवून नोंदणी पुस्तिका तिथेच जमा करायची असते. ती भंगारवाल्याच्या हातात द्यायची नसते. आमच्या प्रकरणात संबंधित संस्थेच्या पदाधिकाऱ्यांनाही पोलीस ठाण्यात जबाब द्यायला यावे लागले आणि त्यांची कापली गेलेली बस संगणकातून रद्द व्हायला त्यानंतरही बराच काळ गेला.