कडक ब्रेक पेडल, बूस्टर आणि एक नळी : आठ महिन्यांच्या वापरानंतर

माझ्या नऊ वर्षे जुन्या पेट्रोल हॅचबॅकच्या ब्रेक बूस्टरला (पेडलवरचा पायाचा जोर वाढवणाऱ्या भागाला) जाणारी नळी आणि तिच्यावरचा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (हवा एकाच दिशेने जाऊ देणारी झडप) मी गेल्या जूनमध्ये बदलून घेतला. त्यानंतर आठ महिन्यांत गाडी सुमारे नऊ हजार किलोमीटर चालली आणि त्यात कराड ते चिपळूण अशा सात-आठ फेऱ्या झाल्या. दुरुस्ती टिकली की नाही, हे आता खात्रीने सांगता येते.

मूळ तक्रार याच रस्त्यावरचा कुंभार्ली घाट उतरतानाची होती. पहिल्या दोन-तीन वळणांवर ब्रेक नेहमीसारखा लागे. पुढे लागोपाठ दाबावा लागला की पेडल दगडासारखे कडक होई आणि गाडी आवरायला पायाचा सगळा जोर लावावा लागे. खाली पोफळीजवळ पाच मिनिटे थांबलो की पेडल पुन्हा पूर्वीसारखे मऊ. शहरात तर कधी शंकाही आली नाही. पहिल्या गॅरेजमध्ये पुढचे ब्रेक पॅड बदलले गेले, त्याने काहीच फरक पडला नाही. दुसरीकडे ‘बूस्टर गेला’ असे निदान होऊन सात हजारांच्या आसपासचा खर्च सांगण्यात आला. तो करण्याआधी आपण स्वतः तपासून पाहावे, असे मी ठरवले.

बूस्टरचे काम समजले की निदान अर्धे होते. पेट्रोल इंजिनाच्या मॅनिफोल्डमधली (इंजिनात हवा नेणाऱ्या पाइपांमधली) निर्वात ओढ नळीतून बूस्टरच्या पुढच्या कप्प्यात पोहोचते. पेडल दाबले की मागच्या कप्प्यात बाहेरची हवा शिरते आणि मधला रबरी पडदा पुढे ढकलला जातो. पडद्याचा व्यास २३ सेंटीमीटर धरला तर क्षेत्रफळ ४१५ चौरस सेंटीमीटरच्या जवळपास भरते. दोन्ही बाजूंच्या दाबात दर चौरस सेंटीमीटरला ०.६ किलोचा फरक असला, तरी जवळजवळ अडीचशे किलोंचा जोर पायाच्या मदतीला येतो. ही मदत गेली की पेडल कडक होते. पेडल स्पंजासारखे लागणे किंवा दाबून धरल्यावर हळूहळू खाली जाणे हे निराळे दोष आहेत. तिथे ब्रेक ऑइलच्या पाइपमध्ये शिरलेली हवा किंवा मास्टर सिलिंडर (पेडलच्या जोराने ते ऑइल ढकलणारा पंप) तपासावा लागतो.

घरी सकाळी तिन्ही नेहमीच्या चाचण्या केल्या. इंजिन बंद ठेवून पेडल पाच-सहा वेळा दाबले, ते कडक झाले. तसेच दाबून धरून इंजिन सुरू केले, तेव्हा ते किंचित खाली गेले. इंजिन दोन मिनिटे चालवून बंद केले, तर पहिल्या दाबाला पेडल खोल गेले आणि पुढच्या प्रत्येक दाबाला थोडे वर राहिले. पेडल दाबून धरून इंजिन बंद केले, तर अर्धा मिनिट ते जागचे हलले नाही. सगळे ठीक! याच निकालाने माझी दिशाभूल झाली, कारण थंड इंजिनावर बूस्टरला भरायला वाटेल तेवढा वेळ मिळत होता आणि माझी तक्रार मात्र गरम इंजिनावर, घाईने पुन्हा पुन्हा ब्रेक लावण्याची होती.

मग एके दिवशी तासभर गाडी चालवून आलो, बॉनेट उघडले, इंजिन सुरूच ठेवले आणि मुलाला भराभर पेडल दाबायला सांगितले. चौथ्या दाबाला तो म्हणाला, ‘‘बाबा, आता जातच नाही.’’ त्याच क्षणी इंजिनाजवळच्या वळणावर नळी चपटी झालेली मला दिसली. आदल्या वर्षी दुसऱ्या एका कामात जुनी नळी तडकली म्हणून गॅरेजवाल्याने तिथे साधा मऊ रबरी पाइप बसवला होता. गरम झाला की तो आतून ओढला जाऊन मिटत असे. घाट उतरताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढलेला असतो, गाडी गिअरवर उतरते, तेव्हा मॅनिफोल्डची ओढ सर्वांत जास्त असते. म्हणून नेमके तिथेच पेडल कडक होत होते. व्हॉल्व्ह काढून तोंडाने फुंकून पाहिला, तर हवा दोन्ही बाजूंनी थोडी जात होती. चांगल्या व्हॉल्व्हमधून ती एकाच बाजूने जाते. नवी, निर्वात दाबासाठीचीच जाड नळी आणि व्हॉल्व्ह मिळून बूस्टरच्या किमतीच्या दहाव्या हिश्श्यातच काम झाले. व्हॉल्व्ह बसवताना बाणाची दिशा इंजिनाकडे असल्याची खात्री मात्र करून घ्यावी.

आठ महिन्यांत एकदाच कुरबुर झाली. तिसऱ्या महिन्यात सिग्नलला इंजिन थरथरू लागले आणि बॉनेटखालून बारीक फुसफुस ऐकू आली. नळीची क्लिप ढिली झाली होती, स्क्रूची क्लिप लावल्यावर ते थांबले. भर पावसात, चौघे बसलेले असताना घाट उतरलो, तेव्हाही पेडल पहिल्यापासून शेवटच्या वळणापर्यंत सारखेच राहिले. उलट, वर्षभर घाटात जोर लावण्याची सवय झालेल्या पायाला सुरुवातीच्या काही फेऱ्यांत तिथे ब्रेक फारच झटक्याने लागत असे.

पेट्रोल वाचवायला उतारावर इंजिन बंद करणारे काही ओळखीचे आहेत. बूस्टर धडधाकट असला, तरी इंजिन बंद झाल्यावर त्याच्याकडे दोन-तीन दाबांपुरतीच शिल्लक उरते आणि त्यानंतर त्यांचे पेडल माझ्या जुन्या पेडलसारखेच होते. चपटी झालेली ती नळी मी डिकीत ठेवली आहे, त्यांना दाखवण्यासाठी.