बाईक रेसिंगच्या सिनेमात काम देतो म्हणून ६३,७०० रुपये नेले. गॅरेजवाल्यांनो, हे वाचा

सोलापुरात होटगी रोडला माझं गॅरेज आहे. यामाहा आरएक्स १०० गाडीचं इंजिन बांधून घ्यायला बार्शी-पंढरपूरहून लोक येतात. हे आधी सांगतो, कारण "सिनेमाच्या नादाने फसला" असं आता नातेवाईकही बोलायला लागलेत. मला पडद्यावर यायचं नव्हतं. मला माझंच काम दिलं जात होतं.

तो माणूस गाडी दुरुस्तीलाच आला होता. ओळख झाल्यावर विषय काढला. बाईक रेसिंगवर हिंदी सिनेमा बनतोय, चेन्नईजवळ इरुंगाट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर शूटिंग, पडद्यामागे गाड्या सांभाळायला मेकॅनिक पाहिजेत. टायर गरम ठेवणारे वॉर्मर लावायचे, प्रत्येक टेकनंतर चेन-ब्रेक बघायचे, आपटलेली गाडी पुढच्या टेकला उभी करायची. शिफ्टचे ३,५०० रुपये. बोलणं इतकं धंद्यातलं की शंका घ्यायची कुठे?

मग मागण्या सुरू झाल्या. युनियनच्या कार्डाचे माझे २१,५००, माझ्याकडच्या दोन पोरांचे प्रत्येकी ११,५००. वर विमा आणि ट्रॅक पास म्हणून तिघांचे ६,४०० प्रमाणे १९,२००. सगळे एका खाजगी माणसाच्या यूपीआयवर. एका पोराची आई पूर्व भागात विड्या वळते. तिने भिशी उचलून पैसे दिले. माझे गेले ते गेले, पण त्या बाईचे खाणाऱ्याला मी सोडणार नाही.

आणि तो व्हिडिओ कॉल! "पिट बघा", म्हणजे ट्रॅकवर गाड्या तयार करायची जागा, असं म्हणून गाडी दाखवली. गाडीला आरसे जागेवर, हेडलाइटची काच उघडी, साइड स्टँड लावलेला. ट्रॅकवर जाणाऱ्या गाडीचे आरसे आणि स्टँड काढतात. काच फुटून ट्रॅकवर पडू नये म्हणून हेडलाइट काढतात नाहीतर टेप मारतात, ऑइलचा ड्रेन बोल्टसुद्धा तारेने बांधतात. मला ते दिसलं. मी तिथल्या तिथे विचारलं. तो म्हणाला, "ही हीरोची क्लोजअपची गाडी आहे, रेसची वेगळी, आपटायची वेगळी." आता सांगा, यात चूक काय धरायची? सिनेमात एकाच गाडीच्या तीन-चार प्रती ठेवतात हे खरंच आहे. खऱ्या उत्तराने मला गप्प केलं. तो कॉल रोज डोळ्यांपुढे येतो. शेवटचे १९,२०० त्याच संध्याकाळी गेले.

निघायच्या आदल्या दिवशी त्याचा फोन बंद. ट्रॅकच्या ऑफिसात विचारलं तर त्या तारखांना असलं बुकिंगच नाही. तुमच्यापुढे असं कोणी आलं, तर हा फोन पैसे देण्याआधी करा. प्रॉडक्शन कामगाराला पैसे देतं, कामगाराकडून घेत नाही.

पोलिसांचं काय सांगू! ठाण्यात पहिला प्रश्न, "तुम्हीच पाठवलाव की पैसे, मग फसवणूक कसली?" अहो, फसवलेला माणूस स्वतःच्याच हाताने पैसे देतो, म्हणून तर भारतीय न्याय संहितेत कलम ३१८ आहे! तिथून सायबरकडे पाठवलं. सायबरवाले म्हणाले, माणूस समोर भेटलाय, ठाण्यात जा. ठाण्याने सांगितलं, त्या माणसाने दिलेल्या सिनेमा कंपनीचा पत्ता गोरेगावचा आहे, तिकडे तक्रार द्या. गुन्हा कुठल्याही हद्दीतला असला तरी ठाण्याने माहिती नोंदवून घ्यायची, हे नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये लिहिलेलं आहे. मी ते छापून नेलं तर हवालदार माझ्याकडेच रागाने बघायला लागला. बँकेने एका वाक्यात वाटेला लावलं: पिन तुम्हीच टाकलाय. दुकान बंद ठेवून या चकरा मारतोय, त्याचे पैसे कोण देणार?

पैसे गेले की १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन त्याच तासात करा. पैसा पुढच्या खात्यात सरकला की गोठवणं अवघड होतं. चॅट पुसू नका, व्यवहाराचे क्रमांक लिहून ठेवा. तक्रारीची पोच घेतल्याशिवाय ठाण्यातून उठू नका.

तो स्टेशनजवळच्या लॉजवर उतरला होता, आणि जिल्ह्यात आणखी गॅरेजं फिरून आल्याचं स्वतःच सांगत होता. तुमच्याकडेही "पिट मेकॅनिक" म्हणून कोणी पैसे नेले असतील तर लाजू नका, कागद घेऊन गॅरेजवर या. एकट्याला हाकलतात, दहा जण एकत्र गेलो तर गुन्हा नोंदवावाच लागेल.