कॅलिफोर्निया की टेक्सस: ठेकेदारीचा धंदा कुठे थाटायचा?

अमेरिकेत बांधकाम ठेकेदाराचं लायसन्स केंद्र सरकार देत नाही, तो राज्याचा कारभार आहे. त्यामुळे सिव्हिलची डिग्री घेऊन तिकडे गेलेल्या आणि चार-पाच वर्षं दुसऱ्याच्या साइट सांभाळून आता घरदुरुस्तीची स्वतःची कंपनी काढू पाहणाऱ्याने आधी राज्य ठरवावं. इथे दोनच राज्यं घेतली आहेत, कारण ती दोन टोकं आहेत.

कॅलिफोर्नियात १,००० डॉलर किंवा त्याहून मोठ्या कामाला राज्य मंडळाचं लायसन्स लागतं. कामाला परमिट (स्थानिक बांधकाम परवानगी) लागत असेल किंवा हाताखाली माणूस ठेवला असेल, तर त्याहून लहान कामालाही लागतं. गेल्या दहा वर्षांतला चार वर्षांचा अनुभव दाखवायचा (इंजिनिअरिंगच्या डिग्रीमुळे त्यातली जास्तीत जास्त तीन वर्षं सुटू शकतात), कायद्याची आणि कामाची अशा दोन परीक्षा द्यायच्या आणि २५,००० डॉलरचा बाँड (बाँड कंपनीचं हमीपत्र) सादर करायचा. हा बाँड म्हणजे तुमचा विमा नव्हे. तुमच्यामुळे नुकसान झालं तर बाँड कंपनी ग्राहकाला पैसे देते आणि नंतर तुमच्याकडून वसूल करते.

टेक्ससात जनरल कॉन्ट्रॅक्टरला, म्हणजे पूर्ण काम अंगावर घेणाऱ्या ठेकेदाराला, राज्याचं लायसन्सच नाही. इलेक्ट्रिशियन, प्लंबर आणि एसीवाले यांना मात्र लागतं. बाकी शहराच्या कचेरीत जी नोंदणी आणि परमिट मागतील ते. म्हणजे सुरुवात झटपट. पण तीच सोय शेजारच्या अर्धवट कारागिरालाही आहे, आणि दर पाडून काम घेणारा बहुधा तोच असतो.

खरा फरक विम्यात आहे. कामगार नुकसानभरपाईचा विमा, म्हणजे तिथला ‘वर्कर्स कॉम्प’, कॅलिफोर्नियात एक माणूस कामावर ठेवला तरी सक्तीचा. छप्पर, काँक्रीट, एसी अशा काही कामांच्या लायसन्सला तर माणूस नसला तरी तो लागतो. टेक्ससात खासगी मालकाला तो ऐच्छिक आहे. ऐकायला स्वस्त वाटतं, पण विमा नसताना शिडीवरून पडलेला कामगार कोर्टात गेला, तर ‘त्याचाही हलगर्जीपणा होता’ हा बचाव मालकाला घेता येत नाही. एका दाव्यात कंपनी बसते. शिवाय सरकारी कामांवर तिथेही हा विमा लागतोच.

कॅलिफोर्नियातली खोच मात्र अनेकांच्या ध्यानात येत नाही. समजा, ४०,००० डॉलरचं किचनचं काम आहे. ॲडव्हान्स जास्तीत जास्त १० टक्के किंवा १,००० डॉलर, यांतली कमी ती रक्कम. म्हणजे इथे हजारच. एक तृतीयांश हातात घेऊन माल उचलायची सवय असेल तर भांडवल आधी जमवा. आता काम अर्ध्यावर असताना वर्कर्स कॉम्पचा हप्ता चुकला आणि पॉलिसी बंद पडली, तर लायसन्सही निलंबित होऊ शकतं आणि तुम्ही विनालायसन्स ठरता. विनालायसन्स ठेकेदाराला उरलेलं बिल कोर्टातून वसूल करता येत नाही. उलट, दिलेले पैसे परत मिळावेत म्हणून ग्राहकच दावा लावू शकतो. काम चोख झालं असलं तरीही!

सब-कॉन्ट्रॅक्टर (पोटठेकेदार, थोडक्यात ‘सब’) म्हणून शिरायचं असेल तर टेक्ससची मोकळीक बरीचशी कागदावरच राहते. मोठा ठेकेदार करारातच लायबिलिटी विमा, म्हणजे कामामुळे इतरांचं नुकसान झालं तर त्याची भरपाई करणारा विमा, मागतो. गंमत म्हणजे कॅलिफोर्नियातही लायसन्ससाठी हा विमा सरसकट सक्तीचा नाही. कंपनी एलएलसी (मर्यादित दायित्वाची कंपनी) असेल तरच किमान दहा लाख डॉलरचा लागतो.

माझं मत विचाराल तर घरमालकांची थेट कामं करायची असतील तर कॅलिफोर्निया. प्रवेश अवघड असला तरी लायसन्स नंबर दाखवून दर मागता येतो. भांडवल तुटपुंजं आणि दुसऱ्याच्या हाताखाली ड्रायवॉल (जिप्सम बोर्डाच्या भिंती) किंवा रंगाचं काम घ्यायचं असेल तर टेक्सस, पण वर्कर्स कॉम्प काढूनच. आणि दोन्हीकडे, सब नेमताना त्याच्या विम्याचं सर्टिफिकेट त्याच्याकडून नको, थेट एजंटकडून मागवा. त्यावरची मुदत संपल्याची तारीख पाहा. सबचा वर्कर्स कॉम्प नसेल, तर तुमच्या वर्कर्स कॉम्पच्या वर्षअखेरच्या ऑडिटमध्ये त्याला दिलेली मजुरी तुमच्या पगारपत्रकात धरून विमा कंपनी जादा प्रीमियम तुमच्याकडून घेऊ शकते.