लँडस्केप करू की अर्बन डिझाईन? बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या पोरापोरींसाठी

आपल्या भागातली आर्किटेक्चरच्या चौथ्या-पाचव्या वर्षाची पोरं हल्ली हमखास हाच प्रश्न घेऊन येतात, मास्टर्स लँडस्केपमध्ये करू की अर्बन डिझाईनमध्ये, आणि आता तर बारावीच्या पोरांचे आईवडीलही विचारू लागलेत. बारावीवाल्यांना आधीच सांगतो, हा निर्णय आत्ता घ्यायचाच नाहीये. आपल्याकडे बहुतेकजण या दोन्हीकडे बी.आर्क.नंतर जातात, म्हणजे आधी पाच वर्षं आर्किटेक्चर आणि मग दोन वर्षांचं मास्टर्स. बी.आर्क.ला बारावीत फिजिक्स आणि गणित हवंच, त्यावर नाटा ही आर्किटेक्चरची प्रवेशपरीक्षा किंवा जेईईचा आर्किटेक्चरचा पेपर. बेळगावात राहून करायचं तर गोगटे इन्स्टिट्यूटला आर्किटेक्चर आहे. पुण्या-कोल्हापूरकडे जायचं असेल तर एक गोष्ट बऱ्याच घरांत माहीतच नसते: महाराष्ट्राच्या कॅप राऊंडमध्ये, म्हणजे सरकारी केंद्रीय प्रवेशफेरीत, वादग्रस्त सीमाभागातल्या, मातृभाषा मराठी असलेल्या आणि दहावी-बारावी इथंच केलेल्या मुलांसाठी टाईप ई म्हणून वेगळी पात्रता आहे. त्याला दोन दाखले लागतात, एक गाव सीमावादातल्या ८६५ गावांत असल्याचा आणि एक मातृभाषेचा, आणि दोन्ही अ‍ॅडमिशनच्या आठवड्यात पळापळ करून मिळत नाहीत, तेव्हा निकाल लागायच्या आधीच काढून ठेवा.

आता मूळ प्रश्न. लँडस्केप म्हणजे बागकाम आणि अर्बन डिझाईन म्हणजे टाऊन प्लॅनिंग, एवढ्या समजावर पोरं निवड करतात आणि दोन्ही समज चुकीचे आहेत. लँडस्केपवाला आधी जमीन वाचतो, उतार कुठला, पाणी कुठनं येतं, कुठं मुरतं, माती काय, खाली खडक किती फुटांवर, आणि झाड हा त्यातला शेवटचा भाग. अर्बन डिझाईनवाला इमारतींच्या मधली जागा बघतो. रस्ता, चौक, दुकानाची पायरी, बसस्टॉप, कोण कुठं थांबतं, कुणाची मालकी कुठं संपते आणि कुठला नियम कशामुळं तसा झाला. टाऊन प्लॅनर सांगतो की या पट्ट्यात दुकानं आणि त्या पट्ट्यात घरं, पण त्या पट्ट्यातनं चालताना माणसाला काय वाटेल, उन्हात सावली मिळेल का, म्हातारं माणूस रस्ता ओलांडू शकेल का, हे अर्बन डिझाईनचं काम.

वयानंही दोन्ही वेगळी. लँडस्केपची आजची परंपरा धरायची तर ओल्मस्टेड आणि वॉक्स या डिझायनर जोडीनं १८५८ मध्ये न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कची स्पर्धा जिंकली तिथपासनं तरी धरावी लागते. अर्बन डिझाईन हा स्वतंत्र विषय म्हणून उभा राहिला तो १९५६ च्या हार्वर्डमधल्या परिषदेनंतर, जी तिथले डीन, आर्किटेक्ट जोसेप लुईस सर्ट यांनी भरवली. त्यामुळं लँडस्केपमध्ये शिकण्यासारखं पक्कं शास्त्र जास्त आहे, माती, पाणी, वनस्पती, ग्रेडिंग म्हणजे जमिनीचे उतार-चढ ठरवणं. अर्बन डिझाईनमध्ये वाचन आणि वाद जास्त आहेत, एकाच चौकाबद्दल चार प्राध्यापक चार मतं देतील आणि तुम्हाला त्यात आपलं पाचवं मांडता आलं पाहिजे. ज्याला ठाम उत्तर मिळाल्याशिवाय झोप लागत नाही त्याला दुसरा प्रकार जड जातो, हे मी बघितलंय.

लँडस्केप शिकायला आपला जिल्हा किती भारी आहे हे आपल्याच पोरांना कळत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं. पश्चिमेला कणकुंबी, जिथं मलप्रभा उगम पावते, तिथला पाऊस कोकणासारखा धो धो, आणि पूर्वेला अथणीला जाईपर्यंत तोच पाऊस वर्षाला पाचशे-सहाशे मिलिमीटरच्या आसपास येऊन ठेपतो. एकाच जिल्ह्यात! खानापूरकडं जांभा आणि लाल माती, ऐन, किंजळ, हिरडा, जांभूळ, आणि पूर्वेला काळी माती, कडुनिंब, बाभूळ. एकच प्लांटिंग लिस्ट दोन्हीकडं चालवणारा माणूस फसणारच. कुठल्याही स्टुडंटनं एक प्रयोग करून बघावा, याला पैसे लागत नाहीत. हातभर खोल खड्डा काढा, त्यात काठोकाठ पाणी भरा आणि बघत बसा. जांबोटीच्या बाजूच्या सुट्या लाल मातीत पाणी बघता बघता खाली जातं, काळ्या मातीत मात्र दुसऱ्या दिवशी गेलात तरी तळाला चिकट पाणी दिसतं आणि उन्हाळ्यात त्याच मातीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पेव्हिंग का उखडतं, झाडाची मुळं का कुजतात, कंपाऊंडची भिंत का कलते, या सगळ्याचं उत्तर त्या खड्ड्यात आहे. हे करताना तुम्हाला मजा आली, चिखलाचे हात घेऊन अजून दोन ठिकाणी खड्डे काढावेसे वाटले, तर लँडस्केप तुमच्यासाठी आहे असं मी बिनधास्त म्हणेन.

आणि बळ्ळारी नाला आहेच की. येळ्ळूर, वडगाव, शहापूरच्या शिवारात, जिथं आपला बासमती पिकतो, तिथं दर पावसाळ्यात नाल्याचं पाणी भातात घुसतं, रोपं कुजतात, पुन्हा लावणी करावी लागते. नाल्यात गाळ आणि जलपर्णी किती, शहराचं पाणी किती वेगानं येतं, वर कुठं अडवता येईल, पाणी पसरायला जागा कुठं ठेवायची, हा शंभर टक्के लँडस्केपचा प्रश्न आहे, आणि त्याच नाल्याकडं शहराची मागची बाजू म्हणून का बघितलं जातं, त्याच्या काठावरच्या ले-आऊटना परवानगी कशी मिळते, रस्ते त्याला आडवे का जातात, हा अर्बन डिझाईनचा. एकच जागा, दोन थिसिस. मला विचाराल तर आपल्या भागातल्या कुणीतरी या नाल्याचा दोन्ही बाजूंनी अभ्यास करावाच, शेतकऱ्यांना त्याची फार गरज आहे.

अर्बन डिझाईनसाठी बेळगाव शहर म्हणजे उघडं पुस्तकच. इमारती काळ्या आणि मोकळी जागा पांढरी असा नकाशा काढतात ना, फिगर-ग्राऊंड म्हणतात त्याला, तो एकदा गणपत गल्ली-खडे बाजार, कॅम्प (छावणीचा भाग), टिळकवाडी आणि बुडाचा, म्हणजे शहर विकास प्राधिकरणाचा, एखादा नवा ले-आऊट अशा चार तुकड्यांचा काढून शेजारी शेजारी लावा. गल्लीत अरुंद दर्शनी भाग आणि आत लांबच लांब घर, काळ्यात पांढरं शोधावं लागतं. कॅम्पात उलटं, पांढऱ्यात काळे ठिपके. टिळकवाडीत सरळ रस्ते आणि बेताचे प्लॉट, आणि नव्या ले-आऊटमध्ये प्लॉट मोठे, रस्ते रुंद पण बसायला कट्टा नाही. चार पिढ्यांनी शहर म्हणजे काय समजलं ते चार कागदांवर दिसतं.

मग संध्याकाळी गणपत गल्लीत टेप घेऊन उतरा. इंडियन रोड्स काँग्रेसचं मार्गदर्शन सांगतं की फूटपाथवर चालायला किमान १.८ मीटर मोकळी रुंदी हवी, तुम्ही मोजा की दुकानाचा माल, वर बांधलेली ताडपत्री, फूलवाली मावशी, उभ्या दुचाक्या हे सगळं वजा केलं की माणसाला किती उरतं. पण लगेच या सगळ्यांना हटवा असं शीटवर लिहू नका, कारण फूलवाली तिथनं उठली तर ती गल्ली संध्याकाळी तशी भरेल का हाही प्रश्न आहे, आणि अर्बन डिझाईनचा खरा अभ्यास तिथं सुरू होतो. विसर्जनाची मिरवणूक घ्या. हुतात्मा चौकातनं निघून कपिलेश्वर तलावापर्यंत, दुसऱ्या दिवसापर्यंत चालते, त्या वेळी तेच रस्ते, तेच ओटे, त्याच गॅलऱ्या प्रेक्षागृह होतात. कुठल्या कोपऱ्यावर गर्दी तुंबते, बायकापोरं कुठं उभी राहतात, अँब्युलन्स कुठनं निघेल, हे नकाशावर मांडणाऱ्या स्टुडंटला कुठलाही चांगला ज्युरी, म्हणजे काम तपासणारा परीक्षक, खुर्चीत पुढं सरकून ऐकेल.

शिकण्याची पद्धत पण बघून घ्या. लँडस्केपच्या स्टुडिओत कंटूर (समान उंचीच्या रेषा), सेक्शन (उभा छेद), ग्रेडिंग प्लॅन, ड्रेनेज, झाडांची शास्त्रीय नावं, नर्सरीच्या चकरा. पाठांतर आहे, टाळता येत नाही. काम एकट्यानं बरंच करता येतं. अर्बन डिझाईनमध्ये पहिलं सेमिस्टर जवळपास ग्रुप सर्व्हेतच जातं, बेस मॅप, जमिनीचा वापर, इमारतींची उंची, वाहतूक, मुलाखती, आणि ग्रुपमध्ये भांडणं होतात हे धरूनच चाला. ज्याला लोकांशी बोलायला आवडत नाही त्याचे हाल होतात. सॉफ्टवेअरचं फार टेन्शन घेऊ नका, ऑटोकॅड, स्केचअप दोन्हीकडं लागतं, आणि नकाशांचं सॉफ्टवेअर क्यूजीआयएस फुकट आहे, ते आत्ताच शिकून घ्या.

इथं भाषेचा मुद्दा येतो. सर्व्हे नंबर, उतारे, महापालिकेची कागदपत्रं इथं कन्नडमध्ये असतात. बोलता येतं सगळ्यांना, वाचता येत नाही बऱ्याच जणांना. अर्बन डिझाईन करून या भागात काम करायचं असेल तर कन्नड वाचायला शिकाच, लँडस्केपवाल्याचं त्याशिवाय थोडंफार भागतं.

कामाचं बोलू. इथं माझं मत सरळ आहे आणि काहींना पटणार नाही. शिकून परत बेळगावला यायचं असेल तर लँडस्केप घ्या. कारण लँडस्केपचं ऑफिस दोघातिघांवर चालतं आणि कामं खासगी मिळतात, फार्महाऊस, रिसॉर्ट, कॉलेज कॅम्पस, फॅक्टरी, हॉस्पिटल, शिवाय आंबोली-गोवा-कोल्हापूर सगळं गाडीनं हाताच्या अंतरावर. क्लायंटला पावसाळ्याआधी काम हवं असतं आणि पैसेही तोच देतो. अर्बन डिझाईनचा क्लायंट बहुतेक वेळा सरकार किंवा महापालिका, काम टेंडरनं, आणि टेंडर मिळतं उलाढाल दाखवणाऱ्या मोठ्या कन्सल्टंटला. बेळगावचं नाव जानेवारी २०१६ मध्ये स्मार्ट सिटीच्या पहिल्या २० शहरांत आलं तेव्हा वाटलं होतं की आता इथंच कामं निघतील. रस्ते झाले, तलाव झाले, पण डिझाईनचं काम करणारी आपली ऑफिसं त्यातनं उभी राहिलेली मला तरी फारशी दिसली नाहीत. म्हणून अर्बन डिझाईनवाल्यानं पहिली काही वर्षं बेंगळुरू, पुणे, अहमदाबाद असं कुठंतरी काढायची तयारी ठेवावी, आणि घरी ते आधीच सांगून ठेवावं.

पण पैसा सोडून परिणामाचं बघितलं तर अर्बन डिझाईनचा हात फार लांब पोचतो. पुण्याचा जे. एम. रोड बघा, बेंगळुरूचा चर्च स्ट्रीट बघा, नव्यानं केल्यावर तिथं रोज किती माणसं बसतात, चालतात, आणि त्यातल्या एकालाही डिझायनरचं नाव माहीत नाही. लँडस्केपमध्ये बघायचं तर दिल्लीची सुंदर नर्सरी हे उद्यान, ९० एकर, लँडस्केप आर्किटेक्ट मोहम्मद शहीर यांची रचना. ती २०१८ मध्ये लोकांना खुली झाली आणि ते २०१५ मध्येच गेले. या कामात हे चालायचंच, तुम्ही लावलेल्या झाडाची सावली पडायला दहा-पंधरा वर्षं लागतात आणि ती बघायला तुम्ही असालच असं नाही. अर्बन डिझाईनमध्ये वेळ लागतो तो मंजुरीला, आणि मधे आयुक्त बदलला की फाईल पुन्हा पहिल्यापासनं. कुठली वाट बघणं तुम्हाला जास्त झेपेल हे स्वतःला विचारा.

मास्टर्ससाठी दोन्ही विषय एसपीए (स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चर) दिल्ली, एसपीए भोपाळ आणि अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठात आहेत. पुण्यात लँडस्केपसाठी भानुबेन नानावटी कॉलेज, मुंबईत अर्बन डिझाईनसाठी कमला रहेजा कॉलेज. गेट या मास्टर्सच्या प्रवेशपरीक्षेचा आर्किटेक्चर-प्लॅनिंगचा पेपर पाचव्या वर्षातच द्या, एसपीएसारख्या केंद्राच्या संस्थेत गेटवर प्रवेश मिळाला तर महिन्याला १२,४०० रुपये स्कॉलरशिप असते, खोलीचं भाडं आणि मेस त्यात बऱ्यापैकी निघतं. आणि बी.आर्क.नंतर लगेच मास्टर्सला पळू नका, एखाददोन वर्षं काम करा, शक्यतो एक लँडस्केपचं ऑफिस आणि एक मोठं आर्किटेक्चरचं, जिथं साईटवर पाठवतात तिथं.

पोर्टफोलिओत सगळ्यांसारखी कॉम्प्युटरवरची चकचकीत चित्रं, म्हणजे रेंडर, भरू नका. कणकुंबी ते अथणी असा जिल्ह्याचा एक लांबलचक सेक्शन काढा, पाऊस, माती, झाडं, पिकं, घरांची छपरं सगळं एका पट्टीवर, किंवा ते चार काळे-पांढरे नकाशे घाला. कॉलेज बघायला गेलात तर स्टुडिओत शिरा आणि मागच्या वर्षीच्या थिसिसच्या शीट दाखवा म्हणा, बिल्डिंग आणि वेबसाईट बघून काही कळत नाही, आणि तिथं शिकणाऱ्याला हळूच विचारा की सर साईटवर किती वेळा येतात.