विलंब-भरपाईचे मोड्यूल: सहा महिन्यांच्या वापरानंतर

रिअल-टाइम हायब्रिड चाचणीत संरचनेचा एक भाग संगणकात आणि उरलेला प्रयोगशाळेत प्रत्यक्ष असतो, त्यामुळे नमुना हलवणारा हायड्रॉलिक अॅक्च्युएटर (तेलाच्या दाबावर चालणारा दट्ट्या) संगणकाच्या आज्ञेच्या काही मिलिसेकंद मागे राहिला की मोजलेले बलही शिळे ठरते आणि प्रणालीत ऋण अवमंदन शिरते, म्हणजे कंपने विरण्याऐवजी वाढत जातात. संपूर्ण ताठरता प्रयोगशाळेतल्या नमुन्यातच असेल, तर 1 हर्ट्झच्या संरचनेत 20 मिलिसेकंदांचा विलंब सुमारे 6.3 टक्के ऋण अवमंदनाइतका असतो. 2 टक्के अवमंदनाची पोलादी चौकट तिथे टिकणारच नाही.

या मोड्यूलमध्ये दोन पर्याय आहेत. पहिला, होरिउची आणि सहकाऱ्यांनी 1999 मध्ये मांडलेला बहुपदी बहिर्वेशनाचा, म्हणजे मागच्या विस्थापनांतून बहुपदी वक्र काढून पुढचे विस्थापन आधीच ताडण्याचा. तो विलंब स्थिर धरतो. आमच्या नमुन्यातल्या डॅम्परचे (कंपने शोषणाऱ्या उपकरणाचे) बल वेगानुसार बदलताच तो तोकडा पडला. दुसरा अनुकूली आहे: तो विस्थापन, वेग आणि त्वरण यांचे गुणांक चाचणी चालू असतानाच सुधारत राहतो. आज्ञापित व मोजलेल्या विस्थापनांचा आलेख पडद्यावर पाहताना, विलंब दाखवणारे, घड्याळाच्या उलट दिशेने फुगलेले लंबवर्तुळ काही आवर्तनांत मिटून जवळपास सरळ रेषा झाले, तेव्हा (खरे सांगायचे तर) आणीबाणीच्या बटणावरचा हात मी प्रथमच काढला.

तक्रार एकच, पण गंभीर आहे. विस्थापन अत्यल्प असताना संवेदकातील गोंगाटामुळे गुणांक भरकटतात, आणि अशा वेळी गुणांकांचे अद्ययावतीकरण थांबवणारी विस्थापनाची किमान मर्यादा मूळ मांडणीत बंदच ठेवलेली आहे. पुस्तिकेत तिचा उल्लेख शेवटच्या परिशिष्टात सापडतो.