हानाला शेजार देताना: शेअर्ड स्टोरेजचे दहा महिने

३१ मार्चच्या रात्री दहा चाळीसला डिस्पॅचच्या तात्यांचा फोन आला. "साहेब, परत गोल फिराया लागलंय. सात गाड्या उभ्यात गेटवर. बाराच्या आत बिलं नाय निघाली तर उद्या माझं काय खरं नाय."

वर्षअखेरीला चाकणच्या कुठल्याही कारखान्यात ही धांदल असतेच. पण हे गोल फिरणं नेहमीचं नव्हतं. दर पाच मिनिटांनी आठ-नऊ सेकंद सगळे स्क्रीन थिजायचे आणि मग काही झालंच नाही अशा थाटात पुन्हा चालू व्हायचे. शेवटचं ई-वे बिल अकरा पंचावन्नला निघालं. मी घरी लॅपटॉपवर आलेख बघत होतो आणि ज्या स्टोरेजची शिफारस माझ्याच सहीने गेली होती, त्याला शिव्या घालत होतो.

म्हणून हे लिहितोय. जून २०२४ पासून आमचं सॅप हाना (कारखान्याच्या सॅप सॉफ्टवेअरखालचा, सगळा डेटा मेमरीत ठेवणारा डेटाबेस) शेअर्ड स्टोरेजवर, म्हणजे बाकीच्या सर्व्हरांबरोबर वाटून घेतलेल्या डिस्कसाठ्यावर आहे. दीड टीबी मेमरीचा प्रॉडक्शन (रोजच्या कामाचा) सर्व्हर, तेवढ्याच मेमरीचा क्यूएचा (चाचणीचा), वर ईसीसी, म्हणजे सॅपचं जुन्या पिढीचं बिझनेस सॉफ्टवेअर. हानाबद्दल याहून जास्त सांगत बसत नाही. (आमच्या स्टोअरमधली पोरं त्याला 'हाणा' म्हणतात. वर्षभरात मलाही ते पटायला लागलंय.) स्टोरेज कंपनीचं नाव देत नाही, भांडण अजून मिटलेलं नाही.

आधी आमच्याकडे २०१७ ची अप्लायन्स पेटी होती. २०११ मध्ये हाना बाजारात आलं तेव्हा ते असंच मिळायचं: सर्व्हर, डिस्क, सगळं एकत्र, प्रमाणित, बाहेरचा स्क्रूसुद्धा लावायचा नाही. २०१३ पासून टीडीआय नावाची पद्धत आली आणि प्रमाणित यादीतलं आपलंच स्टोरेज जोडायची मुभा मिळाली. पेटीने सात वर्षांत डिस्कच्या बाबतीत एकदाही त्रास दिला नाही हे आता आठवतंय. तेव्हा मी तिला फक्त 'ती महागडी एएमसी' (वार्षिक देखभाल करार) म्हणून ओळखायचो. मेमरी वाढवायची तर त्याच कंपनीकडून, ते सांगतील त्या भावाने.

बदलायची वेळ आली तेव्हा मी हिशोब मांडला. मेमरी ५१२ जीबीच्या वर गेली की लॉगसाठी (प्रत्येक बदलाची नोंद) किमान ५१२ जीबी धरतात. शेअर्ड फाइल सिस्टिमला एक टीबी. डेटाला १.२ पट धरला तर १.८ टीबी. सगळं मिळून साडेतीन टीबीच्या आत. एवढ्यासाठी वेगळं स्टोरेज, ते चालवणारे वेगळे दोन कंट्रोलर, वेगळी एएमसी? शेजारी व्हीएमवेअरच्या व्हर्च्युअल मशीनसाठी (एकाच सर्व्हरवर चालणारे अनेक आभासी सर्व्हर) चाळीस टीबीचं नवं ऑल-फ्लॅश (फक्त फ्लॅश चिपचं) स्टोरेज येतच होतं. शिवाय ईसीसीचा मुख्य सपोर्ट २०२७ च्या अखेरीस संपतोय, एस/४ ला, म्हणजे ईसीसीच्या पुढच्या पिढीला, जाताना सगळं मोजमाप पुन्हा करायचंच आहे. तीन वर्षांसाठी वेगळा संसार कशाला थाटायचा? मी लिहून दिलं की शेअर करू. वाचलेल्या पैशांचा आकडा मोठ्या अक्षरात स्लाइडवर टाकला आणि साहेबांनी मीटिंगमध्ये माझं नाव घेतलं. असं वारंवार होत नाही.

पहिल्या पाच महिन्यांनंतर हे लिहिलं असतं तर पाचात साडेचार तारे दिले असते, खोटं कशाला सांगू. क्यूए रिफ्रेश, म्हणजे क्यूएवर प्रॉडक्शनचा ताजा डेटा आणणं, त्यासाठी पूर्वी बॅकअप घ्या, रिस्टोअर लावा, रात्रभर जागा. आता हानाचा स्नॅपशॉट (त्या क्षणाची स्थिर अवस्था) तयार करायचा, स्टोरेजवर डेटा व्हॉल्यूमचा (डेटाच्या डिस्कभागाचा) क्लोन काढायचा आणि क्यूएच्या सर्व्हरला जोडायचा. स्टोरेजचं काम चहा निवायच्या आत होतं. नाव बदलणं आणि नंतरची साफसफाई धरली तरी जेवणाआधी मोकळा. नोव्हेंबरमध्ये प्रॉडक्शनच्या सर्व्हरचा मेमरी बोर्ड गेला, तेव्हा व्हॉल्यूम सोडवले, क्यूएच्या सर्व्हरला लावले आणि तिथून सिस्टिम उठवली. बॅकअपला हातसुद्धा लावला नाही. जुन्या पेटीत असं झालं असतं तर इंजिनिअर येईपर्यंत सगळा कारखाना माझ्याकडे बघत बसला असता.

डिसेंबरपासून उचक्या लागायला लागल्या.

फायनान्सच्या साहेबांनी तेव्हा एक प्रश्न विचारला, आणि तो बरोबर होता. "सगळा डेटा मेमरीत आहे म्हणून एवढे पैसे घेतलेत ना? मग डिस्क हळू झाली तर तुमचं काय बिघडतं?" वाचणं मेमरीतून होतं, पण कमिट केलं (बदल पक्का केला) की लॉग डिस्कवर उतरल्याशिवाय हाना 'झालं' म्हणत नाही. त्यातून दर ३०० सेकंदांनी सेव्हपॉइंट. मेमरीत बदललेली पानं डेटा व्हॉल्यूमवर लिहिली जातात आणि त्यात एक छोटा टप्पा असा येतो की सगळ्यांचे बदल थांबवावे लागतात. हा टप्पा एका सेकंदाच्या आत आटोपला तर कुणाला पत्ताही लागत नाही. आमचा आठ-नऊ सेकंद चालायचा. तात्यांचं गोल फिरणं ते हेच.

पहिला संशय मी सीसीटीव्हीवर घेतला. ॲडमिन खात्याने 'जागा रिकामीच होती' म्हणून चौसष्ट कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग त्याच स्टोरेजवर टाकलेलं. मला न विचारता. आठवडाभर मी त्यांच्याशी भांडलो, मेलमध्ये मोठ्या साहेबांना सीसी केलं, नको ते बोललो. मग एका दुपारी शांतपणे गुणाकार केला. एका कॅमेऱ्याचे चार मेगाबिट धरले तर चौसष्टांचे २५६ मेगाबिट, म्हणजे सेकंदाला ३२ मेगाबाइट. ऑल-फ्लॅशला एवढं म्हणजे हत्तीच्या पाठीवर चिमणी. ॲडमिनच्या माणसाला जाऊन 'तुमचं नव्हतं' असं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, चहा मात्र विचारला नाही.

मग कंपनीकडे कॉल टाकला. पुढचे तीन आठवडे ज्यांनी हे भोगलंय त्यांना सांगायला नकोत. स्टोरेजवाले म्हणाले डेटाबेसचा लॉक आहे (एक काम संपेपर्यंत दुसऱ्याला थांबवणारा). सर्व्हरवाले म्हणाले सर्व्हर आणि स्टोरेज जोडणारा फायबर स्विच बघा. स्विचवाले म्हणाले पोर्टवर एकही एरर नाही. माझी ढाल झाली हानातली एक साधी व्ह्यू (आकडे दाखवणारा तक्ता), एम_सेव्हपॉइंट्स. त्यात लॉक मिळायची वाट किती पाहिली हा एक कॉलम आणि लॉक मिळाल्यावर त्या टप्प्यात किती वेळ गेला हा दुसरा. वाट पाहण्यात वेळ गेला असता तर दोष डेटाबेसमधल्या कुठल्यातरी लांबलेल्या कामाचा. आमच्याकडे पहिला आकडा मिलिसेकंदांत आणि दुसरा आठ सेकंद. म्हणजे लिहिण्यातच अडकतंय. हे दोन कॉलम जपून ठेवा, फोनवर आवाज चढवण्यापेक्षा जास्त कामाला येतात.

शेवटी स्टोरेजवाल्यांचा इंजिनिअर आला. रविवारी सकाळी सात वाजता, सगळं बंद ठेवायला सांगून. सॅपचं मोजणीचं टूल, एचसीएमटी, चालवलं. लॉगच्या लहान ब्लॉकची लेटन्सी (प्रतिसादाला लागणारा वेळ) एक मिलिसेकंदाच्या आत हवी, आली ०.६. मोठ्या ब्लॉकला सेकंदाला किमान २५० एमबी लिहून व्हायला हवं, त्याच्या कितीतरी पुढे. डेटा वाचनाची ४०० ची अटही आरामात पार. हिरव्यागार टिकांची पीडीएफ माझ्या हातात देऊन म्हणाला, "सर, स्टोरेज इज फाइन."

अहो, रविवारी सकाळी सातला आमचा एरवी तुंबलेला तळेगाव चौकसुद्धा फाइन असतो!

मी म्हणालो, हीच टेस्ट रात्री साडेदहाला लावा. तर म्हणे टेस्ट आयसोलेटेडच करायची असते. पण शेअर्ड स्टोरेज प्रमाणित करताना किती हाना नोड (सर्व्हर) चालतील तेच सांगितलेलं असतं, आणि जोडलेल्या सगळ्या प्रॉडक्शन हानांना ही मोजमापं एकाच वेळी मिळायला हवीत. माझ्याकडे प्रॉडक्शन हाना एकच. बाकीच्या नव्वद व्हर्च्युअल मशीनचं त्या प्रमाणपत्रात नावही नाही. तो गेल्यावर साप्ताहिक सुट्टीच्या रात्री मीच क्यूएच्या सर्व्हरवरून, त्याच स्टोरेजवरच्या रिकाम्या व्हॉल्यूमवर टूल चालवलं. १०:२५ ला ०.७ मिलिसेकंद. १०:३५ ला ४.८. साडेदहाला व्हर्च्युअल मशीनचा बॅकअप सुरू होतो.

म्हणजे शेजारी सापडला. तरी मला वाटत होतं की फ्लॅशच कमी पडतोय, आणखी डिस्क घ्याव्या लागणार. इथेही माझा अंदाज चुकला. स्टोरेजला फायबरचे आठ पोर्ट. जोडणी करणाऱ्याने सगळे सर्व्हर, हानासकट, त्यातल्या त्याच चार पोर्टवर झोन केलेले (जोडून दिलेले), बाकीचे चार धूळ खात. बॅकअपवाले मोठाले ब्लॉक वाचून पोर्ट तुडुंब भरायचे आणि लॉगचे चिमुकले चार केबीचे ब्लॉक त्यांच्या मागे अडकायचे. तळेगाव चौकातच दोन ट्रेलरच्या मधे स्कूटर अडकते, तसं. आणखी चार ट्रेलर आणून उपयोग काय, स्कूटरला वेगळी वाट हवी. पुढच्या सुट्टीत एकेक पाथ (जोडणीची वाट) बदलत चार रिकामे पोर्ट फक्त हानाला दिले. सिस्टिम बंद करावी लागली नाही आणि खर्च शून्य रुपये. सेव्हपॉइंटचा तो टप्पा नऊ सेकंदांवरून दीडवर आला. बॅकअप सॉफ्टवेअरमध्ये एकावेळी चालणारे जॉब निम्मे केले, तेही फुकट.

हे जूनमध्येच का केलं नाही, असं विचाराल. तेव्हा झोनिंगचा नकाशा माझ्यासमोर आला होता आणि मी न वाचता 'ओके' लिहून परत पाठवला. हे कंपनीच्या खात्यावर घालता येत नाही.

पण एक गोष्ट नक्की घालता येते. ते राखाडी बटण.

मॅनेजमेंट स्क्रीनवर प्रत्येक व्हॉल्यूमसमोर 'क्यूओएस' असं बटण आहे. दाबलं की त्या शेजाऱ्याला वेसण: तू सेकंदाला एवढंच वाचायचं, बस. माझ्या रोगावरचं औषध, माझ्याच स्टोरेजमध्ये, माझ्याच पैशांनी घेतलेलं. पण बटण राखाडी. दाबलं जात नाही. "सर, ते ॲडव्हान्स्ड पॅकमध्ये येतं." पॅकचा भाव साडेसहा लाख. मी दिवसातून दोनदा तरी ती स्क्रीन उघडतो आणि त्या बटणाकडे बघतो. घरात नळ आहे, पाणीही आहे, फक्त तोटीला कुलूप आहे आणि किल्लीचं भाडं वेगळं. रात्री बॅकअप चालू असताना लेटन्सी अजून १.४ पर्यंत जाते, कारण पोर्ट वेगळे झाले तरी कंट्रोलर एकच आहेत. ०.४ मिलिसेकंदासाठी साडेसहा लाख द्यायचे नाहीत हे मला कळतं. पण राग यायचा तो येतोच.

डेटा रिडक्शनची (डेटा दाबून जागा वाचवण्याची) गंमत वेगळी. विकताना चारास एक सांगितलं होतं. व्हर्च्युअल मशीनना मिळतंही बऱ्यापैकी. हानाच्या व्हॉल्यूमवर दीडच्या पुढे गेलं नाही. हाना कॉलम स्टोअरमध्ये (टेबल रकान्यांनुसार साठवताना) स्वतःच डिक्शनरी लावून डेटा दाबून ठेवतं, पिळलेल्या उसातून आणखी किती रस निघणार? तुमच्या कोटेशनमध्ये 'इफेक्टिव्ह' टीबी (दाबल्यावर मावेल असा अंदाज) लिहिलं असेल तर हानाचा वाटा त्यातून वजा करून बघा.

रीस्टार्टला वेळ लागतो अशी ओरड करणाऱ्यांसाठी जाता जाता: हानाच्या २.० एसपीएस ०४ आवृत्तीपासून फास्ट रीस्टार्टचा पर्याय आहे. टेबलांचा मोठा भाग टीएमपीएफएसमध्ये (ओएसने मेमरीतच ठेवलेल्या फाइलींत) राहतो, सर्व्हिस पुन्हा उठवली तरी डिस्कवरून परत चढवावा लागत नाही. ओएस रीबूट केलं तर मात्र गेलं. यासाठी महाग स्टोरेज घेऊ नका.

पुन्हा घेताना शेअर्डच घेणार का? आमच्याएवढं एकच प्रॉडक्शन हाना असेल तर हो. ते स्नॅपशॉट आणि नोव्हेंबरची ती दुपार मी सोडणार नाही. फक्त पर्चेस ऑर्डरमध्येच लिहून घेईन: हानाचे पोर्ट वेगळे, क्यूओएस किमतीत धरलेलं, आणि शेवटचा हप्ता आम्ही ठरवू त्या रात्री, बॅकअप चालू असताना टेस्ट पास झाल्यावर. दोन-तीन प्रॉडक्शन हाना असतील, किंवा स्टोरेजचा ताबा अशा दुसऱ्या टीमकडे असेल जी तुम्हाला न विचारता त्यावर कॅमेरे चढवते, तर सरळ वेगळं घ्या आणि रात्री झोपा.

कालच एएमसी रिन्यूअलचं कोटेशन आलं. त्यात क्यूओएससमोर 'कॉम्प्लिमेंटरी' लिहिलंय. एएमसी गेल्या वर्षीपेक्षा सहा लाख चाळीस हजारांनी वाढलीय. फाइल टेबलावर आहे, सही केलेली नाही.