सामायिक गरम पाणी: सोलर की हीट पंप?

जळगावला मेहुण्यांच्या सोसायटीत घरोघरचे गीझर काढून एकच यंत्रणा बसवायची आहे, पण कोणती, इथे गाडं अडलंय.

100 लिटर पाणी 20 वरून 55 अंशांवर न्यायला गीझर साधारण 4 युनिट खातो. हीट पंप हवेतली उष्णता ओढतो, त्यामुळे सव्वा-दीड युनिटात भागतं. सोलरला ऊन असलं की जवळपास शून्य; खान्देशात उन्हाला काय तोटा! पावसाळ्यात मात्र टाकीतली विजेची कॉइल लावावी लागते. शिवाय 100 लिटरमागे सुमारे 2 चौरस मीटर गच्ची अडते.

खरी गोम बोअरच्या पाण्यात. क्षार दोघांनाही नडतात. आमच्या सोलरच्या काचेच्या नळ्या दोन वर्षांत पांढऱ्या पडल्या. आधी पाण्यातले क्षार काढणारा सॉफ्टनर बसवा.

बैठी इमारत, मोकळी गच्ची असेल तर सोलर. उंच इमारत किंवा दिवसभर पाणी लागणारं हॉस्टेल, दवाखाना असेल तर हीट पंप.